आधी सही, मग मोजणी

जंतू मारायचे कारखाने जगात पैशाला पासरी आहेत. साबणाचे आहेत, फिनेलचे आहेत, फवाऱ्यांचे आहेत. पण जंतू पाळून, पोसून, बाटलीत भरून विकायचे म्हणजे माणूस एकतर शास्त्रज्ञ तरी हवा, नाहीतर मालकांसारखा तरी. मालकांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि कारखाना मात्र अठरा वर्षं चालला होता. श्रेय अर्थात जंतूंचं. ते बिचारे गुळाच्या पाण्यावर दिवसरात्र वाढत, ना सुट्टी मागत ना बढती, आणि मालक भेटेल त्याला सांगत की माणसं सांभाळणं ही एक कला आहे.

माल होता जिवाणू खताचा. पेरणीच्या आधी बाटलीतलं पाणी बियाण्याला चोळायचं. त्यातले जिवाणू रोपाच्या मुळांवर गाठी करून राहतात, हवेतला नत्र पकडतात आणि रोपाला खाऊ घालतात. म्हणजे युरियाच्या पोत्याचं बरंचसं काम हे फुकटात करतात. अट एकच, बाटली उघडेपर्यंत ते जिवंत असले पाहिजेत. मेलेल्याला कामाला लावायची युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही.

ते जिवंत आहेत की नाहीत हे बघायला मोजणीबाई होती. तिला खरं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या कागदावर. बाटलीतला थेंब घ्यायचा, पाण्यात पातळ करायचा, काचेच्या प्लेटमधल्या जेलीवर पसरायचा आणि प्लेट उबेच्या कपाटात ठेवून द्यायची. तीन दिवसांनी जेवढे पांढरे ठिपके उमटतील तेवढे जिवाणू त्या थेंबात जिवंत होते, असा सरळ हिशोब. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. ठिपके पुरेसे निघाले की बाई दाखल्यावर सही करणार, आणि ती सही प्रत्येक बाटलीच्या पाठीवर छापली जाणार. वर 'तपासून पाठवले' आणि खाली तिचं लपेटेदार अक्षर.

आता गंमत ऐका. प्लेटांना लागतात तीन दिवस, आणि माल न्यायला आलेली गाडी तीन तास थांबत नाही. पहिल्याच वर्षी मालकांनी यावर तोडगा काढला. सही आधी करायची, मोजणी मग होईल निवांत. बाईने चार दिवस तोंड वाकडं केलं आणि पाचव्या दिवशी सही केली. तीन दिवसांनी ठिपके भरपूर निघाले. पुढच्या खेपेलाही निघाले. अठरा वर्षं निघतच राहिले. वरातीमागून घोडं रोज जात होतं, पण नवरदेव आपला ठरल्या वेळी ठणठणीत पोचत होता, मग घोड्याची चौकशी कोण करतो. पुढे पुढे तर बाईलाच वाटायला लागलं की ठिपके आपल्या सहीमुळे येतात.

तक्रार होती ती वेगळीच. बाटल्या फुगायच्या. उन्हात चार दिवस ठेवल्या की पोट पुढे काढून बसायच्या, आणि झाकण उघडलं की ओल्या मातीचा, जरा आंबूस असा वास यायचा. दुकानदार त्या परत पाठवायचे आणि वर मोजणीबाईला फोन करून दोन शब्द ऐकवायचे. बाई प्रत्येकाला समजवायची की फुगली म्हणजे आत जीव आहे. दुकानदार म्हणायचा, "जीव असू दे हो, पण फळीवर गुमान बसायला सांगा त्याला."

अशात मालकांचे जावईबापू कारखान्यात आले. ते आधी डोक्याला लावायच्या सुगंधी तेलाच्या धंद्यात होते. तिथून का सुटले हे कुणी विचारलं नाही, जावयाला विचारत नसतात. आल्या आल्या त्यांनी परत आलेल्या बाटल्या मालकांच्या टेबलावर ओळीने मांडायला लावल्या आणि मोजणीबाईला बोलावून घेतलं.

"ही फुगली कशाने?" त्यांनी विचारलं.

"आतले जिवाणू श्वास घेतात. त्याची हवा साठते."

"म्हणजे गिऱ्हाइकाने दुसऱ्या कुणाचा तरी श्वास विकत घ्यायचा?"

मालक हसले. जावयाच्या विनोदाला सासरा हसतो तसे, आधी हसले आणि मग विनोद समजून घेतला.

"आणि हा वास?"

"तो त्यांचाच आहे."

"त्यांचा असेल, पण आपल्याला कशाला? वासाचं मी बघतो."

बाईला खरं तर तिथेच राग यायला हवा होता. आला नाही. दुकानदारांच्या फोनला तीही कंटाळली होती. वास गेला तर बरंच की, असं तिला मनापासून वाटलं. ती म्हणाली, "बघा." एवढा एकच शब्द बोलली आणि चहा प्यायला गेली.

पंधरा दिवसांनी नवी बाटली आली. पारदर्शक, आतलं पाणी फिकट पोपटी, लेबलावर हसरं पान, आणि झाकण उघडलं की गुलाबाचा वास. मंगळवारी गाडी लागली, सहा हजार बाटल्या चढल्या. बाईने सवयीने सही केली, सवयीने नमुना काढला, सवयीने प्लेटा कपाटात ठेवल्या.

शुक्रवारी कपाट उघडलं तर प्लेटांवर काही नाही. एकही ठिपका नाही. नव्या आरशासारख्या लख्ख.

"माझं कामच वाचलं की," काचसामान धुणाऱ्या मावशी म्हणाल्या. "हे घासायचं तरी काय?"

"मावशी, तुम्ही प्लेटा नीट धुतल्या नाहीत. साबण राहिला असेल."

मावशींनी हातातला ब्रश खाली ठेवला. "अठरा वर्षं तुमचे ठिपके माझ्याच प्लेटांत उगवले. तेव्हा नाही कुणी म्हणालं, मावशी छान धुता." आणि त्या पाठ फिरवून बसल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची बाईची ही पहिलीच वेळ होती आणि ती तिला अजिबात जमली नाही. तिने माफी मागितली, नवा नमुना घेतला, या वेळी प्लेटा स्वतः धुतल्या. सोमवारी त्याही कोऱ्याच.

तेव्हा कुठे ती मिश्रणाच्या खोलीत गेली. अत्तराच्या कॅनशेजारी एक निळा ड्रम होता. त्यावर लिहिलेलं तिने बोट फिरवत वाचलं. मलमं, शाम्पू आणि तेलं वर्षभर टिकवण्यासाठी. जिवाणू व बुरशी यांचा संपूर्ण बंदोबस्त. ती तिथेच एका पिंपावर बसली. बंदोबस्त अगदी संपूर्ण झाला होता, ड्रमवाल्याने शब्द पाळला होता.

मालकांच्या खोलीत जावईबापू होतेच.

"मालक, आपण जिवाणू विकतो," बाई म्हणाली. "आणि यांनी त्यात जिवाणू मारायचं औषध ओतलंय."

"मारायचं नाही, टिकवायचं," जावईबापू म्हणाले. "आठ दिवस झाले, एक बाटली फुगली का?"

"फुगेल कशी? आत श्वास घ्यायला उरलंय कोण?"

मालकांनी हात वर केला. भांडण त्यांना सोसत नसे. "शांतपणे बघू. सहा हजार बाटल्या गेल्या. परत किती आल्या?"

"शून्य," जावईबापू म्हणाले.

"आणि बाई, तुमचे ठिपके किती?"

"शून्य."

"मग जुळलं की."

बाईने कपाळावर हात मारून घेतला. जावईबापूंना तिची दया आली असावी. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "आणि मी काय म्हणतो, मेले तर मेले. कुजून शेवटी खतच होणार ना त्यांचं?" आणि ते खरोखर उत्तराची वाट बघत राहिले.

"बाटल्या परत मागवा," ती मालकांना म्हणाली.

"काय सांगून मागवू? यात जंतू नाहीत म्हणून? लोक अभिनंदन करतील आपलं." मालकांनी चष्मा काढला, पुसला आणि अगदी प्रेमाने विचारलं, "आणि तपासून पाठवले म्हणून खाली सही कुणाची आहे हो?"

मालकांना यातलं ओ की ठो कळत नाही असं मघाशी म्हटलं, ते मागे घेतो. नेमकं जे कळायला हवं ते त्यांना बरोबर कळत होतं.

बाई बाहेर आली आणि जिन्यातच तिला दादाची आठवण झाली. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, बसने अडीच तासांवर राहणारा. दरवर्षी तो चार पट्ट्यांत घेवडा पेरायचा, आणि दरवर्षी ती फोन करून बजावायची की आमच्या बाटल्या ने, बियाण्याला चोळ आणि युरियाचं पोतं अर्ध्यावर आण. तो म्हणायचा, हो. महिन्याने ती विचारायची, टाकलंस? तो म्हणायचा, टाकलं. भावाच्या शेतात आपली सही उगवते याचा तिला मोठा अभिमान होता.

तिने फोन लावला. "दादा, घेवडा पेरला नाहीस ना अजून?"

"चार दिवस झाले की. आणि काय गं, यंदा कमाल केलीत तुम्ही."

"म्हणजे?"

"खरं सांगू? रागावू नकोस. सतरा वर्षं तू सांगतेस म्हणून बाटल्या आणायचो आणि शेडात फळीवर ठेवून द्यायचो. तो वास, ती फुगलेली पोटं, कोण हात लावणार? तुझं मन मोडायला नको म्हणून टाकलं म्हणायचो आणि आपलं पोतं रिकामं करायचो. पण यंदाची बाटली बघितली, वास घेतला, आणि म्हटलं हं, आता हिला जमलं. डझनभर बाटल्या चोळल्या बियाण्याला. पोत्याला हातसुद्धा लावला नाही. यंदा सगळी भिस्त तुझ्यावर."

सतरा वर्षं भाऊ थापा मारत होता याचं वाईट वाटून घ्यावं तर तेवढीही फुरसत नव्हती. बियाण्याच्या पोटातल्या शिदोरीवर रोप पंधरावीस दिवस काढतं. पुढे ते खायला मागणार, आणि खाली पोतंही नाही, जिवाणूही नाहीत. चार पट्ट्यांचा घेवडा उभ्या उभ्या पिवळा पडणार होता, आणि तो पडणार होता तिच्या सहीवर विसंबून.

"मी येते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. वाढीच्या टाकीतून, निळ्या ड्रमची गाठ पडायच्या आधीचं, जिवंत पाणी वीस लिटरच्या कॅनमध्ये भरून घेतलं आणि बस पकडली. कॅन अर्ध्या तासात फुगला. तिने झाकण जरा सैल केलं, तो फुस्स करून आवाज आला आणि वास सुटला. कंडक्टरने विचारलं, यात काय आहे. बाई अठरा वर्षांत खरं बोलायला इतकी आतुर कधी नव्हती. ती म्हणाली, "जंतू. जिवंत आहेत." पुढचे दोन तास तिला तीन माणसांचं बाक एकटीला मिळालं.

दादाने दारातच कॅन उतरवून घेतला, झाकण उघडलं आणि नाक धरलं. "अगं, हे नासलंय."

"हे चांगलं आहे. नासलेलं ते होतं."

वहिनी आतून पदराला हात पुसत आली. तिने कॅनवर वाकून श्वास घेतला आणि तिचा चेहरा खुलला. बाईचं तिकडे लक्ष नव्हतं. तिला एकदाचं बोलून टाकायचं होतं.

"दादा, त्या बाटलीत जिवंत काही नव्हतं. अत्तर आणि पाणी होतं."

"तुझी सही होती त्यावर."

"होती."

"तपासून पाठवले, असं छापलंय. मी दोनदा वाचलं."

"आम्ही सही आधी करतो. मग तपासतो. गाडी थांबत नाही ना." अठरा वर्षं हे वाक्य कारखान्यात किती सरळ वाटायचं. दादाच्या ओट्यावर ते बोलताना तिचे कान तापले. लाजेने तिला त्याच्याकडे बघवेना.

दादाने बोटं मोजली. "म्हणजे सतरा वर्षं खरं आणलं ते मी फळीवर ठेवलं. आणि यंदा खोटं आलं ते पेरलं."

"हो."

"मग यात गाढव कोण? मी की तू?"

"वाटून घ्या," वहिनी म्हणाली. "दोघांना पुरून उरेल." आणि ती दोघांना मागच्या अंगणात घेऊन गेली.

मागे तिचा स्वतःचा एक वाफा होता. त्यात महिन्याभराचा घेवडा उभा होता, गडद हिरवा, हात लावला तर पान टणक. वहिनीने बुडाशी खुरपं घातलं आणि एक रोप अलगद उपटून माती झटकली. मुळांवर गाठीच गाठी होत्या. तिने एक गाठ नखाने फोडली, आत गुलाबी. मोजणीबाईने प्रयोगशाळेच्या कुंड्यांत असल्या गाठी पाहिल्या होत्या, पण आपल्या बाटलीतून कुणाच्या अंगणात काय उगवतं हे बघायला ती अठरा वर्षांत एकदाही बाहेर पडली नव्हती. तिने ते रोप दोन्ही हातांत धरलं.

"फळीवरच्या बाटल्या वर्षागणिक वाढत का नाहीत, हे यांनी कधी विचारलं नाही," वहिनी म्हणाली. "मी वापरत होते. हा वाफा गेल्या वर्षीच्या बाटलीचा. यंदाची उघडली, वास घेतला आणि म्हटलं, या घरात कुणी राहत नाही. यांना सांगितलं तर म्हणे, तुला काय कळतं, तिची सही आहे."

दादा आभाळाकडे बघायला लागला.

"मी आधी वास घेते, वन्सं, मग टाकते. पेर माझीही थांबत नाही."

बाईने पदर खोचला. कॅनमधलं पाणी बादल्यांत पातळ केलं, आणि तिघांनी मिळून चारही पट्ट्यांत रोपारोपाच्या बुडाशी तांब्या तांब्या ओतलं. रोपं नुकती माती फोडून वर येत होती, वेळ गेली नव्हती. दादा नाकाला रुमाल बांधून फिरत होता आणि दर ओळीच्या टोकाला विचारत होता की नक्की का. वहिनी प्रत्येक वेळी बाईच्या आधी उत्तर देत होती. दुपार कलेपर्यंत काम उरकलं. कंबर मोडून आली होती, पण बाईला शुक्रवारपासून पहिल्यांदा भूक लागल्यासारखं वाटलं.

नळावर हात धुताना वहिनी पाणी घालत होती. "आमचं निभावलं," ती म्हणाली. "आमची नणंद कारखान्यात आहे, ती कॅन घेऊन धावत आली. बाकीच्या बाटल्या नेल्या त्यांचं काय?"

बाईने हात तसेच ओले ठेवले. सहा हजारांतून बारा गेल्या, उरल्या पाच हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी. असले हिशोब तिला तोंडी येत. नोकरी जाणार हेही तिने त्याच दमात मोजून टाकलं. मग ती बांधावर जाऊन बसली आणि फोनमधली दुकानांची यादी काढली. याच माणसांनी इतकी वर्षं तिला बाटल्या फुगतात म्हणून ऐकवलं होतं. बेचाळीस नंबर होते. तिने पहिला लावला.

"बोला बाई," दुकानदार खुशीत होता. "यंदा एक तक्रार नाही. एक बाटली परत नाही. लोक वास घेऊन नेतायत. आणखी दोनशे पाठवून द्या."

"विकू नका ती. त्यात जिवंत काही नाही. नेलेल्यांनाही सांगा, पोतं टाका म्हणावं, वेळ आहे तोवर."

दुकानदार हसून म्हणाला, "चेष्टा करता काय? मागे सही आहे की."

"माझीच आहे."

"तेच तर," तो म्हणाला. "तुमची सही दाखवूनच विकतोय ना मी. अठरा वर्षांची सही आहे, तुम्ही सांगितलं म्हणून काय लोक ऐकणार आहेत?"

आणि मागे गिऱ्हाईक आलं म्हणून त्याने फोन ठेवला. बाईने ओला हात साडीला पुसला आणि दुसरा नंबर लावला.